वाचनालयाच्या दारातून परत गेलेला वाचक

परवा नागपुरात बर्डीवर ऑटोतून उतरले तेव्हा ऑटोवाल्या भाऊंनी विचारलं, "वाचनालयात चालल्या का ताई?" मी हो म्हटलं. "आता सगळंच तं मोबाइलात हाये ना. मंग हे वाचनालयं ठेवतात कायले?" प्रश्न अगदी मनापासूनचा होता. सुटे पैसे मोजता मोजता तेच पुढं सांगू लागले, की त्यांची पोरगी पोलीस भरतीची तयारी करते, सकाळी डबा घेऊन अभ्यासिकेत जाते ती रात्री नऊलाच घरी येते. घरात एकच खोली, टीव्ही आणि दोन लहान भावंडं.

त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या डब्यात होतं. उरलेलं अर्धं द्यायचं तर वाचनालय कोण चालवतं, पैसा कुठून येतो, संगणक आल्यानं नेमकं काय बदलतं आणि पुस्तकं सरसकट मोबाइलवर का येत नाहीत, हे सगळं उलगडावं लागतं. मागून हॉर्न वाजत होते, तेव्हा जमलं नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

## पाटीवरचा 'शासनमान्य' शब्द

महाल असो, धरमपेठ असो की सक्करदरा, जुन्या वस्तीतल्या वाचनालयाच्या पाटीवर नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: शासनमान्य, 'ब' वर्ग. कुठं 'अ', कुठं 'क', कुठं 'ड'. बहुतेकांना वाटतं, म्हणजे हे सरकारी वाचनालय. तसं ते नसतं.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. नागपुरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतही शासकीय ग्रंथालयं आहेत, पण राज्यातली हजारो वाचनालयं लोकांनी काढलेली आहेत. चार माणसं एकत्र आली, संस्था नोंदवली, जागा मिळवली, पुस्तकं जमवली. सरकार त्यांना मान्यता देतं आणि दरवर्षी अनुदान देतं. गावातली अनुदानित शाळा आठवा: संस्था खाजगी, पैसा बराचसा सरकारी. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की अनुदानित शाळेतल्या मास्तरांना वेतनश्रेणीचा पगार मिळतो. वाचनालयातल्या माणसाला जे काही मिळतं ते त्या ठोक अनुदानातूनच.

विदर्भात लोकांनी अशा संस्था काढण्याची सवय कायद्याच्या कितीतरी आधीची. विदर्भ साहित्य संघ १९२३ चा. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि महाराष्ट्र राज्य व्हायला अजून ३७ वर्षं होती.

आता ती अक्षरं. पुस्तकं किती, वर्गणीदार किती, वर्तमानपत्रं किती येतात, दार किती तास उघडं असतं, यांवरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. सगळ्यात खालच्या 'ड' वर्गाला कित्येक वर्षं वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळत. २०२२ मध्ये राज्य सरकारनं अनुदानात ६० टक्के वाढ केली तेव्हा ते ४८,००० झालं. त्या आकड्यावर महिन्याचा हिशेब करा: ४,००० रुपये. त्यातला निम्मा पगाराला धरला तर वाचनालय उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाच्या हाती २,००० पडतात. उरलेल्या २,००० मध्ये वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं, वीजबिल आणि मे महिन्यात कूलरचं पाणी. पुढं मी तंत्रज्ञानाबद्दल बरंच काही लिहिणार आहे. ते वाचताना हा २,००० चा आकडा लक्षात असू द्या.

दुसरीकडे वेगळी रीत आहे. तमिळनाडूत १९४८ च्या कायद्यानं आणि कर्नाटकात १९६५ च्या कायद्यानं ग्रंथालय उपकर आला. म्हणजे आपण घराचा मालमत्ता कर भरतो त्याच्याबरोबरच वाचनालयासाठी थोडी रक्कम वेगळी गोळा होते. आपल्या कायद्यात ही तरतूद नाही. इथं वाचनालय दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसतं. माझं मत विचाराल तर उपकर हवा. घरामागे अगदी थोडा असला तरी तो दरवर्षी ठरल्यासारखा येतो, आणि ज्याला पुढच्या वर्षी किती पैसे येणार हे ठाऊक आहे तोच माणूस नवं काही सुरू करायची हिंमत करतो.

## डोस दवाखान्यात होतेच, मग घरोघरी का गेले?

वाचनालयानं पुस्तकं ठेवली, दार उघडलं, आता यायचं तर लोकांनी यावं. हा विचार वरवर रास्त वाटतो. पण पल्स पोलिओ आठवा. लस दवाखान्यात होतीच. तरी १९९५ पासून बाया आणि स्वयंसेवक बर्फाचा डबा घेऊन गल्लीगल्लीतून फिरले, बसस्टँडवर उभे राहिले, बाळाच्या करंगळीला शाई लावली, दारावर खडूची खूण केली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो त्या फिरण्यामुळे. जे आले त्यांची मोजणी सोपी असते. कोणत्या दारावर खूण करायची राहिली, हे शोधणं हेच खरं काम होतं.

वाचनालयाच्या भाषेत या फिरण्याला विस्तारसेवा म्हणतात. भिंतीबाहेर, लोक जिथं आहेत तिथं सेवा नेणं, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना आपल्याकडे बाहेरून नुकतीच आलेली नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. त्यांनी १९१० मध्ये बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून घेतला आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती: लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, गावाला पाठवायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. १९३१ मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीला बैलगाडीत पुस्तकं घालून खेड्याखेड्यांत फिरवली गेली. त्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं सूत्र एवढंच, की पुस्तकं वापरासाठी असतात. वाचताना वाटतं, यात सांगण्यासारखं काय? पण काचेच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली अध्यक्षांच्या घरी ठेवणारी वाचनालयं मी स्वतः पाहिली आहेत. सूत्र त्यांच्यासाठी आहे.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं पेटीची हीच रीत 'ग्रंथ तुमच्या दारी' या नावानं पुन्हा चालू केली, आणि ती देशाबाहेरच्या मराठी माणसांपर्यंत गेली. साताऱ्याच्या भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, तिथं घराघरांत पुस्तकं मांडली आहेत. आणि आपल्या नागपुरात? धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकानं लागतात, ते दृश्य ज्यानं पाहिलं नाही त्यानं वाचनाच्या भवितव्याबद्दल बोलू नये असं मला वाटतं. रात्रभर रेल्वेनं आलेली माणसं, डोक्यावर बोचकं, हातात पोर, आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं. ही माणसं वाचत नाहीत असं कोण म्हणेल? पुस्तक त्यांच्या वाटेवर आलं, त्यांनी घेतलं.

## अंतर फक्त किलोमीटरचं नसतं

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात मी आठवड्यातून दोनदा जाते. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी एक बाई दारात येऊन थांबल्या. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, खरं तर तिथं कोणी चपला काढत नाही. पदरानं तोंड पुसत उभ्याच. ग्रंथपाल बाईंनी वर पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्यासारख्यानं आलं तं चालते का बाई इथं?"

चार घरचा स्वयंपाक करणाऱ्या या बाई रोज त्या दारावरून जात होत्या, आणि आत यायला त्यांना सहा वर्षं लागली होती. घर वाचनालयापासून तीन मिनिटांवर. अंतर मोजायचं म्हणून मोजलं तर एवढंच. पण त्यांना वर्गणी किती हे माहीत नव्हतं, अनामत म्हणजे काय ते माहीत नव्हतं, ओळखपत्र मागतील की काय ही भीती होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे आत खुर्चीवर बसून पेपर वाचणारे सगळे पुरुष. त्याआधी दोनदा त्या दारातून परत गेल्या होत्या, हे त्यांनी मागाहून सांगितलं.

म्हणून पुस्तक आणि माणूस यांच्यातलं अंतर मोजताना निरनिराळ्या पट्ट्या लागतात. एक जागेची: हिंगण्याच्या पुढं राहणाऱ्याला बर्डीला येणं म्हणजे अर्धा दिवस. एक वेळेची: वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं, आणि ज्या बाईला दुपारी दोन ते चार एवढीच उसंत आहे तिच्यासाठी ते कायमचं बंद. एक माहितीची: पुस्तक कपाटात आहे पण आहे हेच कोणाला ठाऊक नाही. आणि एक संकोचाची, जी कुठल्याच वार्षिक अहवालात येत नाही. विस्तारसेवा आणि तंत्रज्ञान ही अंतरं कापायची दोन साधनं आहेत. कोणतं साधन चांगलं, याचा निकाल ते कोणतं अंतर किती कापतं यावरूनच लावावा. संगणक घेतला आणि दुपारी दोन ते चार दार बंदच राहिलं, तर त्या बाईंसाठी काहीच बदललं नाही.

## संगणक आल्यानं नेमकं काय होतं?

इतवारीतला जुना किराणा दुकानदार डोळे मिटून सांगतो, हिंग कुठल्या डब्यात आणि शहाजिरं कुठल्या. तो आजारी पडला की मुलाला काही सापडत नाही. छोट्या वाचनालयाचं अगदी असंच असतं. बारा हजार पुस्तकं ग्रंथपालाच्या डोक्यात. सूची म्हणजे ते डोकं कागदावर उतरवणं. संगणकीय सूची म्हणजे ते कागदही सगळ्यांना, घरबसल्या, उघडं करणं. वाचक मोबाइलवर लेखकाचं नाव टाकतो आणि त्याला दिसतं, पुस्तक आहे, पण कोणीतरी नेलं आहे, बारा तारखेला परत येईल. एक हेलपाटा वाचला. नागपूरच्या मे महिन्यात तो हेलपाटा काय असतो हे सांगायला नको.

पुस्तकं लावण्याची रीत जुनीच राहते. मोठ्या ग्रंथालयांत ड्यूई यांची, विषयाविषयाला आकडे देणारी १८७६ ची दशांश पद्धत असते, तिच्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे. पुस्तकाच्या पाठीवर तो दिसला की समजावं, कपाट आपलंच. छोट्या वाचनालयांत नुसता दाखल क्रमांक चालतो, म्हणजे पुस्तक आलं त्या क्रमानं नोंदवहीत चढवलेला आकडा. दोन्हींपैकी काहीही असलं तरी संगणकाला चालतं.

आज्ञावलीसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरसाठी, पैसे लागतात हा समज मात्र काढून टाकावा. 'कोहा' नावाची एक आज्ञावली आहे, फुकट आणि सगळ्यांना खुली. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयासाठी ती लिहिली गेली. त्यांची जुनी आज्ञावली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती आणि नवी महाग होती. तयार झालेली वस्तू त्यांनी जगाला देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही आज्ञावलीही सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळते. खरा खर्च असतो तो माणसाच्या वेळेचा: एकेक पुस्तक हातात घेऊन नोंद करण्याचा.

आणि इथं मराठीची एक खास अडचण आहे, जिच्यावर फार कमी लोक बोलतात. एका वाचनालयात पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं सगळी सूची संगणकावर टाइप केली होती. नवा संगणक आला, फाइल उघडली, आणि पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं. काम करणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. झालं असं की जुने मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी मुखवटे. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरच असायचं, त्या विशिष्ट फाँटमुळे ते 'क'सारखं दिसायचं. फाँट गेला, मुखवटा गळाला. युनिकोडमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा २३२५. तो नागपुरातही २३२५ आणि न्यूयॉर्कमध्येही २३२५. म्हणून आज कोणी वाचनालयात संगणकीकरण करायला निघालं तर पहिला प्रश्न हाच विचारावा: नोंदी युनिकोडमध्ये होणार ना? दुसरा प्रश्न शुद्धलेखनाचा. एकाच लेखकाचं नाव तीन जणांनी 'विष्णु', 'विष्णू' आणि 'वि.' असं टाकलं की संगणकाला ती तीन माणसं वाटतात. नावं कशी लिहायची ते एका वहीत आधी ठरवून घेतलं तर पुढचे सहा महिने वाचतात.

पुस्तकाला चिप लावायची, वाचकानं स्वतःच यंत्रावर नोंद करायची, अशी सोय मोठ्या ग्रंथालयांत असते. छान आहे. पण छोट्या वाचनालयानं आधी बारकोड आणि धड सूची करावी, चिपेच्या मागे लागू नये. रिबीन कापण्याचा फोटो चिपेचा चांगला येतो, वाचकाचा वेळ सूचीनं वाचतो.

## मग सगळी पुस्तकं स्कॅन करून टाकून द्या ना!

हा आक्षेप दर सभेत येतो, आणि तरुण मुलं तो तावातावानं मांडतात. अडतं कुठं, तर दोन ठिकाणी.

पहिलं, कॉपीराइट, म्हणजे लेखनावरचा लेखकाचा हक्क. आपल्याकडे तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सावनेरला गेले. त्यांचं लेखन आज सगळ्यांचं आहे, कोणीही स्कॅन करावं, कोणीही छापावं. सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवरचा हक्क २०६३ संपेपर्यंत त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांना तो दिला गेला त्यांचा. वाचनालयानं त्यांचा संग्रह विकत घेतला तर तो कितीही जणांना घरी वाचायला देता येतो. पण त्याची पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकणं हा हक्काचा भंग. बहुतेक लोकांना हवी असतात ती पुस्तकं नेमकी याच दुसऱ्या गटातली असतात.

दुसरं कारण लोकांना जास्त चकित करतं. छापील पुस्तक घेतलं की ते वाचनालयाचं झालं. ई-पुस्तकाचं तसं नसतं, तिथं बहुधा परवाना मिळतो: इतकी वर्षं, एका वेळी एकाच वाचकाला, आमच्याच ॲपवर. घरचं पातेलं आणि बिछायत केंद्रातून आणलेलं पातेलं यांत जो फरक तोच. लग्नापुरतं चालतं, पण भाडं थांबलं की गाडी येऊन घेऊन जाते. वर्षाला अनुदान किती ते वर सांगितलंच आहे. त्यात दर वर्षीचं भाडं बसत नाही.

जे फुकट आणि कायदेशीर आहे ते मात्र भरपूर आहे, आणि ते सांगणारं कोणी नाही ही खंत. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ पासून सगळ्यांना खुलं आहे. मराठी विश्वकोशाचे २० खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मी ही दोन नावं एका शाळेच्या कार्यक्रमात सांगितली, तेव्हा शिक्षकांनीच आधी वही काढली. वाचनालयाच्या भिंतीवर एक कागद लावायचा, त्यावर या ठिकाणांचे क्यूआर कोड. खर्च एका झेरॉक्सचा.

## ज्याला पानावरची अक्षरं दिसत नाहीत

या एका बाबतीत कायदाही उदार आहे आणि तंत्रज्ञानानं खरोखर कमाल केली आहे, म्हणून वेगळं सांगते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अंध किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी पुस्तक ऐकण्याजोग्या, ब्रेलच्या किंवा मोठ्या अक्षरांच्या रूपात आणायला आता परवानगी मागावी लागत नाही. जगभर हीच मुभा देणारा मराकेश करार २०१३ चा, आणि त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' सुरू झालं, जिथं अशा रूपांतली पुस्तकं नोंदणी करून मिळतात.

एक अंध विद्यार्थी आमच्याकडे यायचा. कानाला इयरफोन, आणि मोबाइलमधला आवाज इतक्या वेगात की आम्हाला ती नुसती किरकिर वाटे. तो मात्र इतिहासाचं प्रकरण ऐकत असे. त्याला वाचनालयाकडून हवं होतं काय? पहिल्यांदा नोंदणीच्या वेळी शेजारी बसणारं माणूस, आणि वायफाय. दोन्ही मिळालं, पुढचं त्याचं त्यानं पाहिलं. राज्यातल्या प्रत्येक वाचनालयात एका तरी कर्मचाऱ्याला ही नोंदणी करता यायला हवी.

## "पण आता तिथं सगळे स्पर्धापरीक्षावालेच बसतात"

जुन्या वाचकांची ही तक्रार. वाचनालयाची अभ्यासिका झाली, कथा-कादंबऱ्या मागे पडल्या, मुलं स्वतःची गाइडं आणतात आणि आमच्या कपाटांकडे पाहतही नाहीत. तक्रारीत तथ्य आहे. पण बसायला शांत जागा, उजेड, पंखा, पिण्याचं पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ संडास, हीसुद्धा सेवाच आहे. गोंदिया-गडचिरोलीहून खोली करून राहिलेल्या मुलाला पुस्तकापेक्षा टेबलाची गरज आधी असते. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांतून बाबासाहेबांच्या नावानं ज्या अभ्यासिका उभ्या राहिल्या त्या याच जाणिवेतून. त्या मुलांना मी बाहेर काढा म्हणणार नाही. मी म्हणेन, त्यांच्या टेबलाजवळ एक कपाट उघडं ठेवा. बारा तास अभ्यास करणाऱ्या पोराचा मेंदू रात्री आठला काहीतरी दुसरं मागतोच.

## मोबाइल तर आहे, मग माणूस कशाला?

पुन्हा ऑटोवाल्या भाऊंकडे येते. मोबाइल घरोघरी आहे, पण बऱ्याच घरांत एकच, आणि तो बापाबरोबर ऑटोत फिरतो. हे एक झालं. दुसरं असं, की मोबाइलला प्रश्न नीट विचारावा लागतो. ज्याला प्रश्नच नीट मांडता येत नाही, त्याला तो हवी ती माहितीही देतो आणि फसवणारी लिंकही देतो, दोन्ही सारख्याच ठसठशीत अक्षरांत. वाचनालयात याला संदर्भसेवा म्हणतात: समोरच्याला नेमकं काय हवं आहे ते बोलून बोलून काढून घेणं आणि खात्रीच्या ठिकाणी नेणं.

आमच्याकडे एक आजोबा आले होते. कारखान्यात आयुष्य गेलेलं, पेन्शन हजार-बाराशेच्या घरातली. ती चालू राहायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' या सरकारी डिजिटल सेवेत अंगठा लावून देता येतो. आजोबांचा अंगठा यंत्र घेईना. वर्षानुवर्षं लोखंड हाताळून बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. दोन दुकानं फिरून, दोन्हीकडे पैसे देऊन ते हताश होऊन पेपर वाचायला येऊन बसले होते. ग्रंथपाल बाईंना ठाऊक होतं, की २०२१ पासून चेहरा दाखवूनही हे होतं. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, आजोबांना खिडकीच्या उजेडात बसवलं, टोपी काढायला लावली. डोळे मिचकवा म्हटलं तर आजोबा दोन्ही डोळे गच्च मिटून घेत, चार वेळा तसंच झालं. पाचव्यांदा दाखला निघाला. आजोबांनी तो छापलेला कागद दुमडून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि मग तासभर शांतपणे पेपर वाचला.

सरकारच्या लेखी या कामाची नोंद होत नाही. पुस्तकांची देवघेव शून्य. म्हणूनच वाचनालयाचं काम मोजायचं तर नुसती पुस्तकं आणि वर्गणीदार मोजून भागणार नाही, आणि ज्या बाईंनी ते केलं त्यांचा पगार अनुदानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून निघतो हे सहन करता कामा नये.

## आपण काय करू शकतो

वर्गणीदार व्हा, हे तर आहेच. त्यानं पैशाइतकाच आकडाही वाढतो, आणि वर्ग आकड्यावर ठरतो. शिवाय वाचनालयात जाऊन विचारा: दुपारी दोन तास दार उघडं ठेवता येईल का? सूची युनिकोडमध्ये आहे का? आमच्या वस्तीत पेटी पाठवाल का?

पेटीला लागतं फार थोडं. चाळीस-पन्नास पुस्तकं, एका घराचा ओटा, एक वही, एक पेन, महिन्यातून एकदा पुस्तकं बदलून आणणारा कोणीतरी. आणि किल्ली कोणाकडे, हे आधी ठरवा. आमची पेटी दोनदा बंद पडली ती किल्लीपायीच. पहिल्यांदा ती एका हौशी काकाजींकडे होती, ते मुलाकडे पुण्याला गेले आणि किल्लीही गेली. दुसऱ्यांदा समितीकडे होती, म्हणजे कोणाकडेच नव्हती. आता गेलं वर्षभर ती त्या दारात चपला काढून उभ्या राहिलेल्या बाईंकडे आहे. चौथ्या घरचा स्वयंपाक आटोपून त्या सातला येतात, हातपाय धुतात, आणि ओट्यावर पेटी उघडून वही घेऊन बसतात.